स्टेशन नऊवरची पावलं

"चौऱ्याहत्तर," मी म्हणालो.

प्लांट हेड डीके सरांनी माझ्या हातातलं स्टॉपवॉच घेऊन स्वतः पाहिलं. आकडा बदलला नाही.

"पाहिजेत किती?"

"बासष्ट."

"आज मंगळवार. शुक्रवारी कस्टमर येतोय. या बायकांच्या हाताला स्पीड नाही, संतोष. पोरं लाव इथे."

आमची कंपनी चाकण पट्ट्यात, निघोजे गावाला लागून आहे. आम्ही कारच्या सीटच्या लोखंडी फ्रेम बनवतो. मी इंडस्ट्रियल इंजिनिअर. एखादं काम किती वेळात होतं, किती वेळात व्हायला हवं आणि मधला वेळ कुठे जातो, हे शोधणं ही माझी नोकरी. कस्टमरला दिवसाला जितक्या फ्रेम हव्यात, त्यावरून एका फ्रेमला किती सेकंद मिळतात हे ठरतं. त्याला टॅक्ट टाइम म्हणतात. आमचा बासष्ट होता. लाइनवरची बाकी सगळी स्टेशन, म्हणजे कामाचे थांबे, त्यात बसत होती. स्टेशन नऊ बसत नव्हतं. शुक्रवारी कस्टमरची माणसं समोर उभी राहून दोन तास लाइन पूर्ण वेगाने चालवून घेणार होती. एक स्टेशन मागे पडलं की सगळी लाइन मागे पडते.

स्टेशन नऊवर दोन शिफ्टमध्ये मिळून चार बायका होत्या. चौघीही कंत्राटी. फ्रेमच्या आत बोल्ट घालायची जागा अरुंद आहे. पुरुषांचा हात तिथे अडतो, बोल्ट तिरका बसतो. म्हणून सुरुवातीला बायकाच निवडल्या होत्या. त्यांच्या हातून फ्रेम परत आल्याचं मला आठवत नाही. मंगळवारी हे कुणाला आठवायचं नव्हतं.

डीके सर मागे वळले. "अण्णा, चार पोरं मिळतील?"

"मिळत्याल की, सायेब. उद्या उभी करतो."

"आणि यांना ब्रेक द्या."

ब्रेक म्हणजे कंत्राटी कामगाराला काही दिवस घरी बसवणं. पुन्हा बोलावणं येईलच असं नसतं.

अण्णा म्हणजे आमचे लेबर कॉन्ट्रॅक्टर. ते माझे वडीलही आहेत. कंपनी आमच्या शेजारच्या जमिनीवर आली तेव्हा अण्णांना माणसं पुरवायचं काम मिळालं. मी नंतर लागलो. जॉइन होताना एचआरने हे नातं माझ्याकडून लिहून घेतलं होतं. अण्णांनी स्वतःचा नियम केला होता. गेटच्या आत ते मला साहेब म्हणत. गेटच्या बाहेर संत्या. पाच वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

डीके सर गेले. मशीनवर बीडच्या सुरेखाताई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हातातली गन, म्हणजे वरून लोंबणारं नट आवळायचं यंत्र, त्यांनी थांबवली नाही.

"सर, एक विचारू का?"

"विचारा."

"माझे हात थांबायलेत का कुठं? तुम्हीच बघा. मग टाइम जायलाय कुठं?"

मी बगलेतला फॉर्म पुन्हा चाळला.

आमच्या टाइम स्टडीच्या फॉर्ममध्ये दोन रकाने असतात. डावा हात आणि उजवा हात. दर सेकंदाला कुठला हात काय करतो ते लिहायचं. मी तो फॉर्म तीनदा भरला होता. तिन्ही वेळा सुरेखाताईंचे हात जवळजवळ कधीच रिकामे नव्हते. फॉर्म त्यांच्या बाजूने होता. घड्याळ नव्हतं.

रॅक जवळ सरकवावा, गन दुसरीकडे टांगावी, हे मलाही सुचलं होतं. पण लेआउट कस्टमरने मंजूर केलेला होता. एक बोल्ट जरी हलवला तरी पुन्हा मंजुरी, म्हणजे कित्येक आठवडे. माणसाने काम कसं करायचं, एवढंच आमच्या हातात होतं.

मी मेंटेनन्सच्या जिन्याने वरच्या अरुंद लोखंडी पुलावर गेलो. तिथून लाइन डोक्यावरून दिसते. कानात प्लग घातले. हात बघायचे नाहीत असं ठरवलं आणि फक्त सुरेखाताईंच्या सेफ्टी शूजकडे बघत राहिलो. तिसऱ्या फ्रेमला मी मोजू लागलो होतो. एक-दोन-तीन असं नाही. ता थेई थेई तत.

इथे थोडं मागे जावं लागेल.

आमच्या घराकडे गावची कुस्तीची तालीम आहे. आजोबा वस्ताद होते, मग अण्णा झाले. मी सहा वर्षांचा असल्यापासून पहाटे हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती खणत होतो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये एकदा नाचाला एक मुलगा कमी पडला, म्हणून मला उभं केलं. त्या दिवसापासून दुसरं काही डोक्यात राहिलं नाही. आठवीत असताना दिघीत मिश्रा मॅडमचा कथकचा क्लास सापडला. त्या लखनौच्या. पती लष्करात सुभेदार. घरी मी गणिताची ट्यूशन सांगितली. आठवड्यातून दोनदा बस बदलत जायचो.

मॅडम कौतुक करत नसत. एकच प्रश्न सारखा विचारायच्या, "वज़न किस पैर पर है?" उत्तर चुकलं की पहिल्यापासून.

घुंगरू मी गोठ्यात पेंडीच्या पोत्यात लपवायचो. एकदा म्हशीने पोतं ओढलं आणि ते वाजले. अण्णांनी पोत्यात हात घालून जोड बाहेर काढला. बराच वेळ तळहातावर तोलला. मारलं नाही.

"तालमीत पाय ठिवायचा आसंल तर पायात हे न्हाई," एवढंच म्हणाले. मग घुंगरू परत पोत्यात टाकून तोंड बांधलं.

मी दोन्ही चालू ठेवलं. घुंगरू मॅडमच्या घरी राहू लागले. पहाटे माती, संध्याकाळी तत्कार, म्हणजे पायांनी ठेका धरण्याचा रियाज. तालमीत अण्णा म्हणत पाय जमिनीला चिकटव. क्लासमध्ये मॅडम म्हणत पाय मोकळा ठेव. बारावीच्या वर्षी गावच्या यात्रेत माझी कुस्ती लागली. मी हलक्या पायाने फिरत राहिलो. समोरच्याने पट काढला, म्हणजे वाकून पायच ओढला, आणि दुसऱ्या मिनिटाला माझी पाठ मातीला लागली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "नाच्या!" अण्णांनी ते ऐकलं. मीही ऐकलं.

त्यानंतर मी तालीम सोडली. क्लासही सोडला असं घरी सांगितलं. तो सोडला नव्हता. इंजिनिअरिंग करताना विशारदची परीक्षा पास झालो. ते सर्टिफिकेट डिग्रीच्या फाइलमध्ये शेवटी, उलटं ठेवलेलं आहे. या विषयावर घरात बारा वर्षं कुणी बोललं नव्हतं.

आता पुन्हा जिन्यावर.

सुरेखाताई एका फ्रेमला बावीस पावलं टाकत होत्या. रस्ता सतराचा होता. पाच पावलं कुठेच जात नव्हती. कारण साधं होतं. फ्रेम पुढे पाठवायचं बटण दाबून झालं की त्यांचं वजन डाव्या पायावर असायचं. फ्रेमला जोडायच्या लोखंडी ब्रॅकेटचा रॅक डावीकडे. म्हणजे पहिला डावा पाय उचलायला हवा, पण त्याच्यावर तर त्या उभ्या. मग आधी वजन बदलायला एक चोरपाऊल, मग खरं पाऊल. असं एका फ्रेममध्ये पाच ठिकाणी. हातात चार किलोचा ब्रॅकेट असताना प्रत्येक चोरपावलाला दोन सेकंद. हात तेव्हाही काहीतरी धरूनच असायचे, म्हणून फॉर्मला ते दिसत नव्हतं. दुसऱ्या शिफ्टच्या दोघींचं बघितलं. तेच.

मी घरी जाऊन कागदावर पावलं मांडली. कुठल्या थांब्यावर शेवटचं पाऊल कुठलं पडलं पाहिजे, ते मागून पुढे ठरवत आलो. शेवट अशा पायावर व्हायला हवा की पुढची फ्रेम आपोआप सुरू होईल. नाचात हे रोजचं आहे.

बुधवारी सकाळी डीके सरांकडे गेलो.

"अर्धा तास द्या. एक ट्रायल."

"काय बदलणार?"

"पाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अण्णांची पोरं गेटवर उभी आहेत. अर्धा तास. एक मिनिट जास्त नाही."

मी फरशीवर खडूने पावलं काढली, त्यात डा आणि उ लिहिलं. सुरेखाताईंनी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा खाली बघून अडखळल्या. ऐंशीच्या वर गेलं.

"सर, हे काय लंगडी हाय का?" त्या वैतागल्या. "तुम्हीच करून दाखवा की एकदा."

बरोबर होतं. पाय कागदावरून शिकवता येत नाहीत. पण डीके सर उभे होते. नवीन पोरांना घेऊन आलेले अण्णाही रेलिंगला टेकून उभे होते.

मी जॅकेट काढून ठेवलं. ब्रॅकेट उचलला आणि फेरी केली. मग सुरेखाताईंना लय कळावी म्हणून दुसरी फेरी तोंडाने बोल म्हणत केली. ता थेई थेई तत, टाच, वळण, ब्रॅकेट, थांब. सेफ्टी शूजमध्ये तत्काराचा आवाज बरा येत नाही, पण लय आली.

शेजारच्या वेल्डिंग बूथमधून एक फिटर ओरडला, "आयला, सायेब नाचायला लागले राव!"

हशा पिकला. नवीन पोरंही हसली. त्यातली दोघं आमच्या तालमीतली होती. मी अण्णांकडे बघितलं नाही. तिसरी फेरी केली.

सुरेखाताई हसल्या नाहीत. त्यांचा संसार त्या पावलांवर होता. त्या माझ्या मागे उभ्या राहून माझ्याबरोबर पाय टाकू लागल्या. चौथ्या फेरीला मी बाजूला झालो.

एकोणसत्तर. सहासष्ट. चौसष्ट. पुन्हा चौसष्ट.

तिथे काटा अडला. आणखी चार फ्रेम झाल्या, चौसष्टच. पावलं सतरा होती, एकही जास्त नाही. माझ्याकडे देण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं.

डीके सरांनी घड्याळ बघितलं. "दहा सेकंद काढलेस. मानतो. पण चौसष्ट म्हणजे फेलच, संतोष."

"संत्या."

लाइनवर कुणाला कळलं नाही कुणाला हाक मारली. मला कळलं.

अण्णा रेलिंगपासून पुढे आले होते. "पाय बराबर हाय तुजं. वजन कुठं धरलंय तिनं, ते बघ की."

"हातात, अण्णा."

"हातात न्हाई, लांब धरलंय. जोड लांब धरला की जड हुतो. अंगाला घे म्हनावं. कंबर आधी फिरंल, हात मागनं येत्याल." मग सुरेखाताईंकडे वळून म्हणाले, "ताई, लेकरू कडंवर घेताय न्हवं? तसं घ्या त्याला."

कुस्तीत समोरच्याला जोड म्हणतात. मी सहाव्या वर्षापासून हे वाक्य ऐकत होतो. ते मला सुचलं नव्हतं.

सुरेखाताईंनी ब्रॅकेट कडेवर घेतला. पावलं माझी, कंबर अण्णांची.

एकसष्ट.

पुढची फ्रेम. एकसष्ट. त्याच्या पुढची साठ.

"आता कसं वाटतंय?" डीके सरांनी सुरेखाताईंना विचारलं.

"पाठ दुखंना झाली, सर," त्या म्हणाल्या. "आधीच सांगायचं न्हवं का कुनी."

डीके सरांनी घड्याळ माझ्या हातात परत दिलं. "अण्णा, पोरं परत पाठवा."

गुरुवारभर आम्ही बाकीच्या तिघींना शिकवलं. खरं तर सुरेखाताईंनीच शिकवलं. मी खडू घेऊन उभा होतो. बोल त्यांनी बदलून घेतले. ता थेई थेई त्यांना जमेना. "रॅक, फिर, बसव, दाब," असं त्या म्हणायच्या. लय तीच होती.

शुक्रवारी कस्टमरचे तिघं आले. दोन तास लाइन चालली. स्टेशन नऊ एकदाही मागे पडलं नाही, उलट दोनदा स्टेशन आठची वाट बघत उभं राहिलं. कस्टमरच्या एका माणसाने फरशीवरच्या खडूच्या खुणा बघून विचारलं, हे काय आहे. डीके सर इंग्रजीत म्हणाले, "फूटवर्क. आमच्या इंजिनिअरचं स्वतःचं आहे." लाइन मंजूर झाली. चौघी कामावर राहिल्या. नंतर सुरेखाताईंना ट्रेनर केलं.

संध्याकाळी गेटच्या बाहेर अण्णा गाडीला टेकून उभे होते.

"त्या दिघीच्या बाईंचा क्लास हाय का आजून?"

"आहे. का?"

"तालमीतल्या पोरांचं पाय लई जड पडत्यात." त्यांनी गाडीचं दार उघडलं. "ऐतवारी पाटं तालमीत ये, शिकिव त्यास्नी. हसली तर हसू दे. पर हौद्यात घुंगरू न्हाई."

मी गेलो. अजूनही रविवारी जातो. पोरं पहिले दोन रविवार हसली. तिसऱ्या रविवारी त्यातल्या एकाने मला विचारलं, "वजन कुठल्या पायावर ठेवू?"

टाइम स्टडीच्या आमच्या फॉर्ममध्ये आता तीन रकाने आहेत. डावा हात, उजवा हात, पाय. तिसरा रकाना मंजूर व्हायला दोन महिने गेले, कारण आधी तो कुठेच नव्हता. नव्या ट्रेनी इंजिनिअरना मी एकच सांगतो. कामगार स्लो आहे असं लिहिण्याआधी फॉर्ममध्ये कशाला रकाना नाही ते बघा. आणि ज्याला ते आधीपासून दिसतंय असा माणूस बहुधा जवळच, रेलिंगला टेकून उभा असतो. त्याला विचारा.