आक्काच्या हातांवरचे चट्टे

उन्हाळ्यात आक्काला घेऊन लातूरला स्किनच्या डॉक्टरकडे गेले होते. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं, पण हात धजावत नव्हता... काल आक्कालाच विचारलं, तर म्हणाली, "लिही की. कुणाच्या तरी कामी येईल."

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. लातूरकडच्या मुरुडजवळ त्यांची शेती आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या कोपरांवर लाल चट्टे उठले, वर पांढरे पापुद्रे. मग गुडघ्यांवर, मग डोक्यात केसांच्या कडेने...

कुणी म्हणालं गजकर्ण, कुणी म्हणालं रक्त खराब झालंय. कडुलिंबाचं पाणी झालं, वांगं बंद, दही बंद. मेडिकलवरून आणलेल्या ट्यूबने थोडे दिवस बरं वाटायचं, आणि ती थांबवली की चट्टे दुप्पट जोमाने परत.

हे दुसऱ्या कुणाला लागेल, ही भीती तिची तिनेच धरली. घरातलं कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. तिनेच टॉवेल वेगळा केला, ताट वेगळं केलं, लग्नात कुणाला हळद लावायला पुढे होणं सोडलं. भर उन्हातही लांब बाह्यांचं ब्लाउज.

गेल्या वर्षी आई माझ्याकडे नांदेडला अंथरुणाला खिळली. आक्का जमेल तेव्हा एसटीने यायची, पण आईच्या खोलीत दाराशीच खुर्ची टाकून बसायची. हातांवर पदर ओढून.

आई पलंगावर हात थोपटायची. "इथं बस की गं."

"न्हाई आई, हितंच बरं हाय मला."

शेवटी शेवटी आईचं अंग फार नाजूक झालं होतं. मी तिला पुसून घ्यायचे, कूस बदलायचे, पाठीला खोबरेल लावायचे. आक्का लांबूनच सांगायची, "टाचंला लाव अजून जरासं." आम्हा दोघींनाही तेच बरोबर वाटत होतं...

हिवाळ्यात आई गेली. तिला शेवटची आंघोळ घालताना सगळ्या बायका पुढे होत्या आणि आक्का मागे भिंतीला टेकून उभी होती.

मग यंदा भाचीचं पहिलं बाळंतपण आलं. ती माहेरी येणार, म्हणजे आक्काकडे. एके दिवशी आक्काचा फोन आला. "तिला तुझ्याकडंच ठिवून घे. माझे हात हे असे... लेकराला काय झालं म्हंजे?"

मी म्हटलं, आधी डॉक्टरला दाखवू, मग बघू. ती नको नको म्हणत होती. दाजींनीच तिला समजावून गाडीत बसवलं.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आक्काचा हात सरळ आपल्या हातात घेतला, बाही वर केली आणि कोपरावरून बोटं फिरवली. आक्का हात मागे ओढायला लागली. "मॅडम, लागंल तुमाला."

"मावशी, हा सोरायसिस आहे. हा कुणालाच लागत नाही. हात लावून नाही, टॉवेलने नाही, ताटानेही नाही."

मग त्यांनी शांतपणे समजावलं. आपली कातडी सतत नवी होत असते, जुनी नकळत झडून जाते. या आजारात शरीराची स्वतःचीच संरक्षणाची यंत्रणा बिघडते, नवी कातडी फार घाईने तयार होते आणि तिचेच थर साचतात. आजार कायमचा जाईलच असं नाही, पण औषधाने नीट आटोक्यात राहतो. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मलम चोळायचं, पापुद्रे खरवडायचे नाहीत आणि मनाने कुठलीही ट्यूब आणायची नाही.

आक्काचं लक्ष मात्र पहिल्याच वाक्यावर अडकलं होतं.

"तान्ह्या लेकराला तेल लावलं तर?"

"खुशाल लावा."

"आन्... म्हाताऱ्या, आजारी माणसाला?"

"काहीच होत नाही. घरी कुणी आजारी आहे का?"

"व्हती," आक्का म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या.

बाहेर आल्यावर आक्का बाकावर बसली. रडली नाही. नुसती स्वतःच्या हातांकडे बघत होती. "आई बोलवायची गं... तिला काय वाटलं आसंल?"

आजारापेक्षा त्याच्याबद्दलच्या न विचारलेल्या प्रश्नाने आमचं जास्त नेलं. त्या डॉक्टरांनी औषध दिलं त्याचे उपकार आहेतच... पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच परक्या माणसाने तिचा हात असा न बिचकता हातात घेतला, ते मी कधी विसरणार नाही.

भाचीला मुलगी झाली. आक्काकडेच. चट्टे बरेच निवळलेत, अगदी गेले नाहीत. रोज सकाळी आक्का पायांवर घेऊन बाळाला तेल लावते, न्हाऊ घालते.

परवा फोनवर म्हणाली, "लई गुणाची हाय पोरगी. माझ्या हातात आली की गप्प ऱ्हाती." मग बाळाला तेल लावायची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला.