झडतीला उत्तर

पोळ्याला म्हणायची झडती सुचायला लागली की ते काटा थांबवायचे. गोणी काट्यावर, शेतकरी ताटकळलेला, आणि आमचे मापारीकाका डोळे मिटून उभे. "थांबा जरा, येऊन राहिली," म्हणायचे. ती आली की स्वतःशीच हसायचे आणि मगच वजन सांगायचे. चांदूर बाजारच्या यार्डात कधी गेला असाल, तर तुम्हीही त्यांच्यापायी ताटकळला असाल.

मी तिथल्या एका अडत दुकानात कारकून. आम्ही एकाच गावचे. ते वरच्या आळीचे, मी खालच्या. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की एका आळीने यमक जुळवून टोमणा हाणायचा, दुसरीने तो उलटवायचा आणि दर वेळी सगळ्यांनी 'हर बोला हर हर महादेव' म्हणून ओरडायचं, ही आमच्याकडची झडती. खालच्या आळीकडून उत्तर द्यायला एक सुतार होते. तीस वर्षं दोघांनी एकमेकांची सालटी काढली. सुतार गेले आणि काकांची रयाच गेली.

"आता नाई म्हनत मी," ते म्हणाले. "उत्तर नसलं तं ते झडती कायची? भाषन होते ते."

मला वाईट वाटलं, शिवाय थोडी मिरवायची हौसही होती. मोबाईलमधल्या एआयकडून मी आठ झडत्या करून घेतल्या आणि पोळ्याला आपल्याच म्हणून ठोकल्या. 'काळी माती, हिरवं रान, सर्जा-राजा गावाची शान.' लोकांनी उगाच आपलं 'हर बोला' केलं. काका जवळ आले.

"बाबू, हे तुमचं नाई. यात कोनालेच चिमटा नाई. गावात राहनारा मानूस इतकं चांगलं बोलत नसते."

मी कबूल केलं. वाटलं, रागावतील. तर दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी हजर. "कुठं हाय तो? बोलवा त्याले."

मी फोन पुढे केला. तो परगावी असल्यासारखं ओरडून काकांनी त्याला झडती ऐकवली. 'वा, किती सुंदर रचना!' असं उत्तर आलं. काकांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "हे कावून इतकं गोड बोलून राहिलं? याचं काई काम अडलं हाय काय आपल्यापाशी?"

मग महिनाभर हाच उद्योग. कोणाचा बैल मारका, कोण मानपानावरून रुसतो, सगळी गावकी त्यांनी त्याला पुरवली. "यमक साजरं जुळवते लेकाचं," असं कौतुकही करायचे. एकदा मात्र त्यांनी त्यालाच बिनगावचा, बिनगोताचा म्हणून हाणलं. त्याने नम्रपणे माफी मागितली. काकांनी फोन खाली ठेवला.

"याले हारता येते, बाबू. चिडता येत नाई." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमाले येते. येत्या पोयाले तुमीच म्हना."

पुढच्या पोळ्याला बैलजोड्या पाच-सहाच होत्या, बाकी झूल घातलेले ट्रॅक्टर. काका पुढे झाले. "बाबू आमचा शिकला फार, झडती आनते उसनवार!" सगळं गाव माझ्याकडे बघून हसलं. माझे कान तापले. काही विचार करायच्या आत तोंडातून निघून गेलं, "मापारी मोजते तुरीची गोनी, घरात त्यायले पुसत नाई कोनी!"

बायांच्या घोळक्यातून आधी काकूच हसल्या. मग जो 'हर बोला' झाला, त्याने बैल बिथरले. काका लालबुंद. तरातरा आले आणि माझा दंड घट्ट धरला. "लय झोंबलं, बाबू," म्हणाले. डोळे भरले होते त्यांचे. "येत्या साली पाहून घेतो तुमाले."

धमकी ऐकून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

ते साल त्यांना मिळालं नाही. हिवाळ्यात ते गेले. यंदा पोळ्याला मी नवी झडती म्हटली, स्वतः जुळवलेली, वरच्या आळीला चांगली झोंबेल अशी. लोकांनी 'हर बोला' केलं, पोळा फुटला, बैल घराकडे निघाले. मी वरच्या आळीकडे तोंड करून थोडा वेळ तसाच उभा राहिलो, उत्तर येईल म्हणून.