सुनंदाबाईंची हलकी सॅक

सुरतमधल्या डिंडोलीच्या सुनंदाबाई मराठी शाळेत शिकवायच्या. दरवर्षी सहलीला गेल्या, पण पोरं मोजता मोजता एकही डोंगर धड पाहिला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, पाठीवर सॅक टाकायची आणि एकटीनं तोरणमाळला जायचं. एक दिवस तरी आपण कुणाच्या बाई, वहिनी, आत्या नसावं, एवढीच हौस.

सॅक कशी भरावी याचे व्हिडिओ त्यांनी मन लावून पाहिले. दोन कपडे, टॉर्च, पाण्याची बाटली. नवऱ्यानं, सुरेशरावांनी ती एका हातानं उचलली आणि हसले. इथवर सगळं छान होतं. मग बाईंना अवदसा आठवली आणि त्यांनी सॅकचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तोही गाडीच्या वेळेसकट!

आता खानदेशी माणसाच्या गावावरून नातलग रिकाम्या हातानं पुढे गेला, तर गावाची अब्रूच जाते. बारडोली स्टेशनात भिकनमामा गुळाची ढेप घेऊन खिडकीशी हजर. व्याऱ्याला नणंद प्रमिलाबाई गाठोडं घेऊन उभ्या.

"एकलीच कथा चालनी व माय? भाकरी ले, ठेचा ले!"

एकटी कुठे निघाले ते सांगून नको म्हणेपर्यंत गाडी सुटली. सॅक टम्म फुगली.

नंदुरबारला भाचा गजेंद्र मोटारसायकल घेऊन आलेला. "आत्या, चाल घर. आई वाट दखी ऱ्हायनी. सकाळी मीच सोडसू तुले."

घरी गेलं की संपलं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. सकाळी अख्खं खटलं सोबत निघालं असतं. पण माहेरच्या माणसाला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. जीभ रेटेना. शेवटी त्यांनी ढेपच गजेंद्रच्या हातात दिली.

"वहिनीला सांग, परत येताना दोन दिवस राहीन. आज मी एकटीच जाणार."

त्याचा उतरलेला चेहरा पाहवेना, म्हणून मागे न बघता त्या तोरणमाळच्या बसमध्ये चढल्या.

संध्याकाळी तळ्याकाठी भाड्यानं घेतलेल्या तंबूसमोर बसल्या, तेव्हा खांदे ठणकत होते आणि जीव खुशीत होता. गाठोडं सोडलं. हात सवयीनं भाकरीचे वाटे करू लागले आणि थबकले. वाढायला कुणीच नव्हतं. जन्मभर त्यांच्या वाट्याला भाकरीच्या कडाच आल्या होत्या. त्यांनी कडा बाजूला ठेवल्या आणि मधला मऊ तुकडा ठेचा लावून स्वतः खाल्ला.