मॅथियासचं पिंप

हेडविगकाकूला आमच्या गावात सगळे जरा टरकूनच असायचे. मोझेल नदीच्या काठावरच्या ज्या उभ्या द्राक्षमळ्यात भल्याभल्यांचे पाय लटपटतात, तिथे ती साठीतही पाठीवर द्राक्षांची टोपली घेऊन चढायची. तिचा नवरा मॅथियास रशियाच्या लढाईवर गेला तो परतलाच नाही. मेल्याची खबरही आली नाही.

आमच्याकडे घरचा मालक वारला की तळघरात जाऊन प्रत्येक पिंपावर थाप मारायची आणि वाईनला तसं सांगायचं. नाहीतर ती नासते. सासू मरेपर्यंत काकूच्या मागे लागली होती, एकदाचं सांगून टाक म्हणून. काकू बधली नाही. आपण तोंडाने म्हटलं की तो मेलाच, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मॅथियासने जाण्याआधी भरलेलं रीसलिंगचं, म्हणजे इथल्या पांढऱ्या वाईनचं, पिंप तिने विकलं नाही. लाकडातून वाईन उडून जातेच, अधूनमधून वरून भर घालावी लागते. थंडीत ती आक्रसते, तेव्हा तर जास्तच. दर वेळी काकू खुशीत मला सांगायची, "बघ, घोटभर पिऊन गेलाय." मी शेजारचा, तिची पिंपं धुवायला जायचो. या वेडाची मला चीड यायची, चांगली दोन स्थळं तिने याच्यापायी घालवली. पण त्या पिंपाजवळ एकटा उभा राहायची माझी हिंमत नव्हती.

यंदा कडाक्याच्या थंडीत तिने मला हाक मारली. बूच काढलेलं होतं आणि वाईन काठोकाठ होती. थेंबभरही कमी झाली नव्हती.

"दोनदा भर घातली असशील, काकू," मी म्हणालो.

"मी? आणि विसरेन?"

तळघराची किल्ली तिच्याच कमरेला असायची. मी पिंपापासून दोन पावलं मागे सरलो. "या खेपेला प्यायला आलाच नाही," काकू पिंपावर हात ठेवून म्हणाली. मग ती एकेका पिंपावर थाप मारत गेली आणि प्रत्येकाला सांगत गेली, "मालक गेले." मॅथियासच्या पिंपापाशी शेवटी आली. तिथेही तिने सांगितलं.

मला वाटलं, सुटली बिचारी. मी तिचा हात धरून तिला जिन्याकडे नेऊ लागलो, तर ती पायरीवरच मटकन बसली.

"आत्ता गेला रे तो," ती म्हणाली. "म्हणजे इतकी वर्षं होता. मग आला का नाही?"