अक्षरांची मोठी पोटं

माझ्या बायकोला माझे सगळे दोष तोंडपाठ आहेत. हा एक सोडून. तो मी तिला सांगितला नाही, मित्रांना सांगितला नाही, आणि जिला सांगायला हवा होता तिला तर नाहीच नाही. बारा वर्षं झाली. आज तुम्हाला सांगायला बसलोय — का, ते मलाही नीट कळलेलं नाही. तुमचा चेहरा समोर नाही, हे एक कारण असेल.

मी जालन्यात राहतो आणि बियाण्याच्या पाकिटांचं डिझाइन करतो. कृषी केंद्रात काउंटरच्या मागे तारेवर ओळीनं लटकलेली पाकिटं तुम्ही पाहिली असतील — चकचकीत वांगं, त्याच्यावर दवाचे थेंब, वर ठळक अक्षरात नाव. त्यातली बरीच वांगी माझी. थेंबही माझेच, शेतात एवढं दव पडत नाही.

गेली काही वर्षं मी आणखी एक उद्योग करतो, सल्ले देण्याचा. डिझाइनचं काम करणाऱ्या मुलामुलींसाठी मी एक यादी केली आहे. मराठीचे चांगले मोफत फॉन्ट कुठे मिळतात, छपाईला फाइल देण्याआधी काय काय तपासायचं. पडद्यावरचा हिरवा आणि प्लॅस्टिकवरचा हिरवा यांची गाठ कधीच पडत नाही, हे गिऱ्हाइकाला आधी सांगून ठेवायचं. वेबसाइट केली तर ती आधी स्वस्तातल्या मोबाइलवर उघडायची, कारण ती बघणारा माणूस बांधावर उन्हात उभा असणार. नोकरीसाठी दाखवायच्या नमुन्यांत दहाच कामं ठेवायची आणि आवडतं शेवटी. ही यादी या फोनवरून त्या फोनवर फिरत पार नांदेडपर्यंत गेली म्हणतात. कॉलेजवाले बोलावतात, शाल घालतात. मला ते आवडतं — हेही सांगून टाकतो.

पण प्रत्येक वेळी मागच्या बाकावरून कुणीतरी हात वर करतं आणि विचारतं, सर, आपलं काम चांगलं आहे की नाही, हे कुणाला विचारायचं? मी पाणी पितो. मग म्हणतो, चांगला प्रश्न आहे — आणि फॉन्टकडे वळतो. यादीत या प्रश्नाचं उत्तर नाही. का नाही, हे आजवर कुणी विचारलं नाही.

तर ऐका.

तेव्हा मी एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर नोकरी करायचो. खाली मशिनं, वर आम्ही. शेठ मारवाडी, चार पिढ्या जालन्यात. आमच्याशी मराठीत बोलायचे आणि रागावले की हिंदीत. पाकिटाचा नमुना तयार झाला की ते तो आमच्या गॅलरीतल्या तारेला चिमट्यानं अडकवायला लावायचे. मग जिना उतरायचे, रस्ता ओलांडायचे आणि समोरच्या टायरच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभे राहायचे. तिथून नाव वाचता आलं तर हात वर. नाही तर वर येऊन एवढंच म्हणायचे, "अजून न्हाई." कारण शेतकरी काउंटरच्या अलीकडे असतो, पाकीट पलीकडे तारेवर, आणि मध्ये चार माणसांची डोकी. आमच्या धंद्यातली ही एकच परीक्षा. तिच्यात मी कितीदा नापास झालो असेन, मोजलं नाही.

अर्चना माझ्या खूप नंतर आली. घनसावंगीची. रोज काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून यायची, आणि येताना वाटेवरच्या पाट्या वाचत यायची. मागे तोंड करून बसायला मिळालं की तिला आनंद व्हायचा. ती सांगायची की जीप पुढं जाते तशी अक्षरं एकेक करून मिटतात. आधी ब मिटतो, मग व, मग भ आणि म यांच्या गाठी. ट शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवतो. हे ती इतक्या साधेपणानं सांगायची की मला वाटायचं, खरंच आहे की, आपण एवढी वर्षं कुठं बघत होतो?

दुपारी लोडशेडिंग असायचं. संगणक बंद, पंखा बंद, खालची मशिनंही गप्प. त्या दुपारी मला अजून दिसतात — झोपेत जास्त. गॅलरीतून पिवळं ऊन आत आलेलं असतं, तारेवरची पाकिटं हळूहळू हलत असतात, त्यांच्या सावल्या फरशीवर वांगी आणि भेंड्या होऊन फिरत असतात. शाईचा वास. कुठून तरी उडत आलेला कापसाचा पुंजका. आणि अर्चना खराब निघालेल्या छपाईच्या मोठ्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं काढत असते. आधी पेन्सिल, मग ब्रशनं काळी शाई. स्वप्नात मी तिच्या खांद्यामागं उभा असतो आणि मला खूप बरं वाटत असतं. मग जाग येते.

तिच्या अक्षरांची पोटं मोठी होती. पोट म्हणजे ब, व, क यांच्या आतली ती बंद, गोल जागा. पातळ प्लॅस्टिकवर शाई जराशी पसरते, ते पोट भरून टाकते आणि लांबून अक्षराचा नुसता काळा गोळा दिसतो. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं; अंबडला सहा महिन्यांचा टायपिंगचा कोर्स, एवढंच तिचं शिक्षण. जीपमध्ये बसून तिनं ते ओळखलं होतं. म्हणून तिनं सगळी पोटं मोकळी ठेवली होती — आणि तरी अक्षर बेढब नव्हतं. सुंदर होतं. पंधरा-सोळा कागदांवर पूर्ण मुळाक्षरं, आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी एकेक मोठा शब्द. कापूस. भेंडी. बाजरी.

त्याच उन्हाळ्यात पुण्यातल्या एका स्टुडिओची जाहिरात आली. देवनागरी अक्षरं काढणारं माणूस हवं. नमुने पाठवा, एवढंच लिहिलं होतं; डिग्री विचारलेली नव्हती. मला तो स्टुडिओ माहीत होता. आदल्या वर्षी मी माझे नमुने तिथं पाठवले होते आणि दोन ओळींचा गोड नकार आला होता. तेही मी कुणाला सांगितलं नव्हतं — म्हणजे बघा, हाही एक लपवलेलाच दोष. पण तो लहान. मी विषय टाळतोय.

घरी अर्चनाच्या लग्नाची बोलणी सुरू होती. पुण्याहून बोलावणं आलं तर आपण थांबू, असं तिचे वडील तिला म्हणाले होते. म्हणजे त्या कागदांवर काय काय लटकलेलं होतं, ते मला पक्कं माहीत होतं. एका सकाळी तिनं कागदांची गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवली.

"दादा, तुम्ही बघा. तुम्ही हो म्हटलं तर पाठवते, न्हाई तर न्हाई."

दुपारी डबा खाऊन ती वर आली तेव्हा मी तिला माझं मत सांगितलं. अगदी शांतपणे, मोठ्या भावासारखं. म्हणालो, "अर्चना, पोटं फार मोठी झालीत. पुण्यातली माणसं हसतील. रेषा अजून कच्ची आहे. वर्षभर हात बसू दे."

तिनं वरचा कागद जरा वेळ बघितला. मला वाटलं ती वाद घालेल. घातला असता तर — पण नाही, हे मी तिच्यावर ढकलतोय. तिनं वाद घातला नाही. ती म्हणाली, "बरं झालं इचारलं. उगी हसं झालं असतं." आणि गुंडाळी माझ्याकडेच सरकवली. हात बसला की मग बघू, म्हणाली.

इथं थांबलो तर तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? एकेकाची नजर असते, चुकतो माणूस. म्हणून पुढचं सांगतो. हेच मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ती खाली बायंडिंगच्या बायकांबरोबर डबा खायला गेली होती, तेव्हा वर मी एकटा होतो. मी तिचा बाजरीचा कागद उचलला, गॅलरीतल्या तारेला चिमटा लावून अडकवला, जिना उतरलो आणि रस्ता ओलांडून शेठच्या जागेवर, पत्र्याखाली उभा राहिलो. मधून एक ट्रॅक्टर गेला. धूळ बसली. बाजरी स्वच्छ दिसत होती. ब चं पोट तेवढ्या लांबूनही उघडं होतं. मी आणखी दहा पावलं मागं सरकलो, डोळे बारीक केले — तरी दिसत होती. नऊ वर्षं मी ज्याच्यासाठी घासत होतो ते तिनं वीज गेलेल्या दुपारी, रद्दी कागदाच्या पाठीवर काढून ठेवलं होतं. मी वर आलो, कागद उतरवला, पुन्हा गुंडाळीत घातला आणि हात धुतले. हात कशाला धुतले असतील?

म्हणजे मला कळलेलं होतं. तिच्या कामात जे सगळ्यांत चांगलं होतं तेच मी बोट ठेवून वाईट म्हणून दाखवलं. दुसऱ्या कुणाला हे खोटं जमलं नसतं. त्याला धंदा कळावा लागतो.

कारणं मी वर्षानुवर्षं जमवली आहेत. ती गेली असती तर सगळं काम माझ्या अंगावर पडलं असतं. पुण्यात एकटी मुलगी कशी राहणार? आणि स्टुडिओनं तिलाही नाहीच म्हटलं असतं तर? मांडायला घेतली की अर्ध्यातच ती कारणं मलाच हसतात. मला हेवा वाटला. त्या हेव्यालाच मी सल्ला म्हणालो.

पुण्याच्या जाहिरातीची मुदत संपली. अर्चनानं काही दिवस लहान पोटांची, आवळलेली अक्षरं काढून बघितली. मला दाखवायची आणि मी "आता सुधारतंय" म्हणायचो. मग तिनं काढणंच सोडलं. दुपारी वीज गेली की टेबलावर डोकं ठेवून पडून राहायची. दिवाळीनंतर लग्न होऊन ती राजूरला गेली.

पुढच्या हंगामात भेंडीच्या एका पाकिटावर मी अक्षरांची पोटं मोकळी केली. शेठ रस्त्यापलीकडे गेले, उभे राहिले, आणि हात वर करून वर आले. "आता बराबर," म्हणाले. तिथून माझं नाव झालं. शाल घालताना कॉलेजवाले जे सांगतात ना, लांबून वाचता येणारी अक्षरं ही सरांची खासियत — ती हीच.

गेल्या हिवाळ्यात बायकोबरोबर राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो. दर्शन करून खाली येताना कुणीतरी "दादा" म्हणून हाक मारली. अर्चना होती. मी ओळखलं नाही, तिनंच ओळखलं. तिचं फोटो फ्रेमचं आणि प्रसादाचं दुकान आहे, दोघं नवराबायको चालवतात, बरं चाललंय. तिनं आम्हाला बसवलं, चहा मागवला. मी पाटीकडे बघत होतो. संगणकाबरोबर आयता येणारा तो फॉन्ट, सगळ्या गावात असतो तोच. ब चं पोट बुजलेलं. येताना मी याच पाटीखालून गेलो होतो आणि मला ती वाचता आली नव्हती.

तिची नऊ-दहा वर्षांची मुलगी स्टुलावर बसली होती. अर्चना तिला म्हणाली, "हे माझे दादा. ह्यांनी मला येळेवर खरं सांगितलं, न्हाई तर मी पुण्याला कागद पाठवून हसं करून घेतलं असतं." हसत म्हणाली. मी तिच्या आवाजात टोमणा शोधला — फार शोधला. नव्हता. मग तिनं सहज विचारलं, ते कागद अजून आहेत का हो? मी म्हणालो, बघतो, सापडले तर पाठवतो.

कागद कुठे आहेत ते मला माहीत होतं. खालच्या खणात, डाव्या बाजूला.

परतताना गाडीत बायको म्हणाली, किती मानते ती तुम्हाला. मी खिडकीची काच खाली केली.

ते कागद मी राजूरला पाठवून दिले, असं इथं लिहिलं असतं तर शेवट बरा झाला असता. पाठवलेले नाहीत. पाठवले की एक चिठ्ठी लिहावी लागेल, आणि तिच्यात हे सगळं. मी इथं, तुम्हाला लिहितोय. तुम्ही यावर काही म्हणावं असं नाही.

छापखाना कधीच शहराबाहेर गेला. तो वरचा मजला आता मी भाड्यानं घेतलाय. गॅलरीतली तार तीच आहे. आज दुपारी वीज गेली, हल्ली फारशी जात नाही. मी खालचा खण उघडला, बाजरीचा कागद काढून तारेला अडकवला आणि खाली उतरलो. टायरच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर उभं राहून वर बघितलं. कागद पिवळा पडलाय, वाऱ्यानं जरा हलत होता. रस्त्याच्या पलीकडून सगळं वाचता येत होतं.

तेव्हाही येत होतं.