पैलवानाच्या भुवया

मास्तर स्टुलावर बसायला तयार नव्हते. त्यांच्याआधी अशोक त्याच स्टुलावर बसून गेला होता, हे त्यांनी बाहेरच्या बाकावरून पाहिलं होतं. आत आल्यावर त्यांनी दार लोटलं आणि उभ्याउभ्याच खालच्या आवाजात विचारलं, "डॉक्टरसाहेब, एकच सांगा. महारोग आहे का त्याले?"

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पांढुर्ण्याला माझा छोटा दवाखाना होता. मास्तर सौंसरचे, प्राथमिक शाळेत शिकवायचे. त्यांच्या मुलीचं अशोकशी जमलं होतं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं. साक्षगंधाला डोकंभर केस असलेला जावई नंतरच्या काही महिन्यांत विरळ होत गेला, आणि आता भुवयांची बाहेरची टोकंही झडली होती. शाळेत कुष्ठरोगाच्या सर्व्हेवाल्यांनी चित्रांचे तक्ते दाखवले होते, त्यात एक भुवया गेलेला माणूस होता. मास्तरांच्या डोक्यात तो तक्ता पक्का बसला होता.

पेशंटचं मी दुसऱ्याला सांगत नसतो, असं मी त्यांना म्हणालो. त्यांनी मान हलवली. पुढच्या बाजाराच्या दिवशी परत येतो, तोवर कारण कळलं तर ठीक, नाही तर संबंध मोडतो, असं सांगून ते निघून गेले.

संबंध मोडला असता तर त्याचं कारण झाकून राहिलं नसतं. त्या काळी महारोगाची नुसती कुजबुज पुरायची. अशोकचं कापसाच्या जिनिंगमधलं काम गेलं असतं, त्याच्या घरच्यांना नळावर बाजूला उभं केलं असतं. बाजूला उभं राहणं म्हणजे काय, हे त्या बौद्ध घराला कुणी शिकवायची गरज नव्हती.

अशोकला मी आधीच तपासलं होतं. अंगावर चट्टा नाही. टाचणी आणि कापूस लावून पाहिला, सगळीकडे नीट कळत होतं. कोपरामागची नस या रोगात दोरीसारखी जाड होते, ती मऊ होती. तरी मी स्मिअर घेतला. म्हणजे कानाच्या पाळीला बारीक चीर द्यायची, निघालेलं पाणी काचेवर घ्यायचं आणि त्यात जंतू आहेत का ते सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. काच नागपूरला पाठवली. रिपोर्ट स्वच्छ आला. महारोग नव्हता, याची मला खात्री होती. पण मग होतं काय?

गावाचं उत्तर तयार होतं. अशोक व्यायामशाळेत जायचा. जोर, बैठका, वजनं, सकाळ-संध्याकाळ. अंगातली गर्मी डोक्यात चढते आणि केसांची मुळं भाजतात, असं लोक सांगायचे. माझा त्यावर विश्वास नव्हता. व्यायामानं केस जात असते तर आमच्याकडचे हमाल सगळे टकले असते.

माझा संशय डब्यावर होता. व्यायामशाळेचे दामूभाऊ पोरांना एक पावडर विकायचे. डब्यावर दंड फुगवलेला गोरा माणूस आणि इंग्रजी अक्षरं. दामूभाऊ म्हणायचे, फॉरेनचा माल आहे. मी मुळातच संशयी माणूस. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघतो, म्हणून बायको अजून बोलते. त्या पावडरीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्या असणार, असं मी धरून चाललो. स्टेरॉइड म्हणजे इथे पुरुषी हार्मोनची नक्कल. त्यानं स्नायू भराभर वाढतात, आणि ज्याच्या घराण्यात टक्कल आहे त्याचे केस वेळेआधी जातात. अशोकच्या बापाला टक्कल होतं, थोरल्या भावाचं कपाळही मोठं होत चाललं होतं. सगळं जुळत होतं.

दामूभाऊंनी मला डबा उघडू दिला नाही. आधी म्हणाले, माल संपला. मग म्हणाले, हवा लागली की खराब होतो. माझा संशय आणखी वाढला. शेवटी मी पोलिसांचं नाव काढलं, तेव्हा त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"भाजलेले चणे आहेत, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "थोडं सोयाबीन, साखर अन् कोको. चणे खा म्हटलं तं पोट्टे हसतात. डब्ब्यातून दिले तं रांगेत उभे राहतात."

मी चमचाभर तोंडात टाकली. चण्याचंच पीठ होतं. चवीनं स्टेरॉइड कळत नाही, म्हणून मी दामूभाऊंची बाकीची पोरंही बघून घेतली. सगळ्यांचे केस जागेवर होते. शिवाय एक गोष्ट मला पहिल्यापासून टोचत होती आणि मी तिच्याकडे काणाडोळा करत होतो. स्टेरॉइडनं किंवा घराण्यामुळे जाणारे केस कपाळाकडून आणि टाळूवरून जातात. भुवया जात नाहीत.

मी अशोकला परत बोलावलं. व्यायाम तात्पुरता बंद कर, आणि जे जे तोंडात जातं ते सगळं घेऊन ये, असं सांगितलं. त्यानं चण्याचा डबा, बदाम, तुपाची बरणी असं सगळं टेबलावर मांडलं. मी त्याच्याकडे पुन्हा नीट पाहिलं. ओठ फुटलेले होते, तळहातांची सालं निघत होती. सकाळी डोकं ठणकतं, मळमळतं, असंही तो म्हणाला. व्यायामानं रग लागली असेल, असं समजून आधी बोललाच नव्हता. चोरून काही घेतोस का, असं मी चांगलं दरडावून विचारलं. तो रडकुंडीला आला आणि नाही म्हणाला. मला ते खरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची वहिनी शीलाबाई तणतणत आली. ती अंगणवाडीत काम करायची. अशोकची आई लवकर गेली, तेव्हापासून हिनंच त्याला वाढवलं होतं.

"तुम्ही त्याच्यावर शक घेऊन राहिले," ती म्हणाली. "पोरगा जेवून नाही राहिला. मी तं त्याले रोज ताकत देऊन राहिली."

"काय देता?"

"दूध, अंडी. अन् लेकरायची दवाई."

माझ्या हातातला पेन तिथेच थांबला. लेकरायची दवाई म्हणजे व्हिटॅमिन ए चं सायरप. मुलांना रातांधळेपणा येऊ नये म्हणून अंगणवाडीत चमच्यानं पाजायचे. त्या हंगामात बरीच घरं कापूस वेचायला बाहेरगावी गेली होती, मुलं आलीच नाहीत. उघडलेल्या बाटल्या उरल्या, तारीख संपत आली. फेकून देणं तिच्या जिवावर आलं. लहान लेकरांना चालतं ते मोठ्या गड्याला काय बाधणार, असा तिचा सरळ हिशेब होता. रात्रीच्या दुधात एक चमचा, रोज.

तो एक चमचा मुलाला सहा महिन्यांसाठी असतो. हे व्हिटॅमिन लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठत राहतं. प्रमाणाबाहेर साठलं की डोकं दुखतं, कातडी सोलते, केस झडतात, अगदी भुवयासुद्धा. अशोकच्या लेखी ते नुसतं दूध होतं, औषध नाही. म्हणून त्यानं ते मला सांगितलं नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता.

मी समजावून सांगितलं तेव्हा शीलाबाई घाबरली. आधी दिराची काळजी, मग नोकरीची. सरकारी औषध घरी नेलं होतं. मी कुणाला सांगणार नाही, असा शब्द दिला.

बाजाराच्या दिवशी मास्तर आले. अशोक आणि शीलाबाई बाहेर बाकावर होते. त्या दोघांच्या संमतीनं मी एवढंच सांगितलं, की महारोग नाही, कारण सापडलं आहे, ते बंद केलं आहे, केस परत येतील. कारण काय, असं मास्तरांनी विचारलं. ते सांगता येणार नाही, म्हणालो.

"कारण सापडलं अन् सांगता नाही येत," मास्तर म्हणाले, "म्हणजे तेच आहे." त्यांनी टोपी घातली आणि ते दाराकडे वळले.

शीलाबाई आत आली. "मास्तर, थांबा. मीनं पाजलं त्याले. अंगणवाडीची दवाई, मायेनं पाजली. माही नोकरी गेली तं जाऊ द्या. पण पोराले महारोगी नका म्हणू." तिनं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. त्या बाईबद्दल त्या क्षणी मला जेवढा आदर वाटला, तेवढा माझ्या प्रोफेसरांबद्दलही कधी वाटला नव्हता.

मास्तरांनी चष्मा लावून लेबल वाचलं. पुन्हा वाचलं. मग मला तीन-तीनदा विचारून खात्री करून घेतली.

"वर सांगाल का?" तिनं विचारलं.

"मी पोरीचा बाप म्हणून आलो," ते म्हणाले. "सरकारी माणूस म्हणून नाही आलो. पण भुवया आल्याशिवाय तारीख नाही काढत."

ते दर महिन्याला येऊन भुवया पाहून जायचे. आधी ओठ बरे झाले, मग डोकेदुखी थांबली, आणि पावसाळा संपता संपता भुवया आल्या. पुढच्या हंगामात लग्न झालं. अशोकनं व्यायाम पुन्हा सुरू केला, चण्याची पावडरही.

काही वर्षांनी मास्तर पुन्हा दवाखान्यात आले. जावयाचं कपाळ मागे सरकत चाललं होतं. या वेळी घरात काय पाजून राहिले, असा त्यांचा प्रश्न होता. आता कुणी काही पाजत नाही, हे त्याच्या बापाकडून आलेलं आहे, असं मी सांगितलं. ते त्यांना फारसं पटलं नाही.

तेव्हापासून पेशंटला मी कोणतं औषध घेतोस, एवढंच विचारून थांबत नाही. घरात तुझ्यावर सगळ्यात जास्त माया कोणाची, ते विचारतो, आणि त्या माणसाला घेऊन ये म्हणतो.