औषध घेतलं

आपली फजिती आपल्याच तोंडानं सांगायची म्हणजे आधी घोटभर चहा लागतो. तो आलाच आहे, तर ऐका. एकदा मी धडधाकट असताना माझ्या मरणाची बातमी पसरली होती, आणि ती पसरवणारा दुसरा कुणी नव्हता, मीच होतो.

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, त्या सुमाराची गोष्ट. मी पुसेगावला हायस्कुलात मराठी शिकवायचो. माझी बायको मालती जाऊन चार महिने झाले होते. घरात मी आणि दहावीतली माझी लेक नंदा. आमचं बरं चाललंय, असं मी लोकांना सांगायचो. फक्त शाळा सुटली की छातीत धडधड सुरू व्हायची. घर जवळ आलं की जास्तच. नंदा आत अभ्यास करत बसलेली असायची, तरी दाराला हात लावताना वाटायचं, आत काहीतरी झालेलं असणार. कशाची भीती? ते कळलं असतं तर अर्धी गेलीच असती.

थोरली बहीण आक्का कनेरगाव नाक्याला दिलेली. ती एक दिवस अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी कुटून केलेलं चूर्ण घेऊन आली.

"सांजच्याला कोमट दुधातून चमचाभर घे. काळीज जाग्यावर बसंल."

"आक्का, यानं काही होत असतं का?"

"तू मास्तर हायेस का वैद्य? घे म्हणलं की घ्यायचं. अन् फरक पडला की फोनवर कळीव."

पिशवी फाटकी होती, म्हणून चूर्ण मी फळीवरच्या एका रिकाम्या डब्यात ओतलं. फळीवर मालतीचे सात डबे, सगळे एकसारखे. कशात काय आहे हे तिला न बघता कळायचं. चिठ्ठी चिकटवायची गरज तिला कधी पडली नाही, आणि विचारायची मला. दुसऱ्या दिवशी मी डबा उचलून माझ्या खाटेजवळच्या टेबलावर ठेवला आणि औषध सुरू केलं.

काय सांगावं त्याची चव! कडू, आणि वर दुधाला फेस. मी म्हटलं, मोठं जालीम औषध दिसतंय. पण खोटं कशाला बोलू, आठ दिवसांत धडधड निम्म्यावर आली. शाळेतल्या दोन सहकाऱ्यांना मी आयुर्वेदावर व्याख्यानसुद्धा दिलं.

नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर आक्काला कळवायला गफ्फारभाईंच्या किराणा दुकानातल्या एसटीडीवर गेलो. आक्काकडं फोन नव्हता. तिच्या शेजारी किसनचा ढाबा, तिथं निरोप ठेवायचा. लाइनीत खरखर.

"किसनराव, आक्काला सांगा, भावानं औषध घेतलं. आता एकदम शांत वाटतंय. काळजी करू नको म्हणावं."

"काय घेतलं सर?"

"औषध, औषध. अन् नंदाकडं लक्ष ठेव म्हणावं, मी चाललो..."

औरंगाबादला आठ दिवस प्रशिक्षणाला चाललो, असं पुढं होतं. लाइन तेवढ्यात कटली. उद्या सांगू म्हणून मी घरी आलो.

आता आपल्याकडं 'औषध घेतलं' म्हणजे लोक काय समजतात, हे वेगळं सांगायला पाहिजे का? फवारणीचं. बायको गेलेला माणूस फोन करतो, औषध घेतलं म्हणतो, लेकीला बहिणीच्या ओटीत टाकतो, आणि चाललो म्हणतो. किसननं काय समजायचं होतं? त्यानं उलट गफ्फारभाईंच्या दुकानात फोन लावला.

थोड्याच वेळात गफ्फारभाई दारात. मागं दहा-बारा माणसं.

"सर, ये क्या किये तुमी? बच्ची का तो सोचना था."

"काय केलं मी?"

"औषध घेतलं न्हाई का तुमी?"

"घेतलं ना. रोजच घेतो."

"रोज?" मागून एक आवाज आला. "म्हंजी हळूहळू घेऊन राहिले."

"कशात घेतलं?"

"दुधात."

"दुधात कालवून घेतलं," कुणीतरी रस्त्यावरच्यांना कळवलं.

मिठाच्या पाण्याचा तांब्या माझ्या तोंडाला लागला. "अहो, आयुर्वेदिक आहे ते," मी गुळण्या टाकत सांगत होतो. "हा काय डबा."

"बराबर हाच डबा?"

"म्हणजे काय," म्हणत मी फळीकडं पाहिलं. तिथं एका डब्याचं झाकण तिरपं होतं. आत तशीच भुरी पूड. आणि मला मालतीचा आवाज आठवला, "फळीला हात लावू नका, एका डब्यात उंदराचं औषध हाये."

एका म्हणजे कोणत्या?

दारात नंदा उभी होती. "बाबा, खरंच घेतलं का?" नाही म्हणायची खात्री मलाच उरली नव्हती; मी टेबलावरचा डबा उचलून तिच्या हातात दिला.

कुणीतरी जीप आणली, ती हिंगोलीकडं निघाली. नंदाच्या मांडीवर डबा, हातात माझ्या सदऱ्याची बाही. ती रडत नव्हती.

"नंदे," मी म्हणालो, "मराठीच्या पेपराला आधी व्याकरण सोडव. निबंध शेवटी."

"बाबा, गप बसा."

"आक्काचं ऐकत जा."

"गप बसा म्हणलं ना."

चार महिन्यांपूर्वी याच रस्त्यानं मालतीला नेलं होतं. मरणाची भीती वाटली नाही असं नाही. पण परत येताना जीपमध्ये हे लेकरू एकटं बसलेलं असेल, हे दिसलं आणि मला घाम फुटला.

दवाखान्यात डॉक्टरांनी डबा हुंगला. चिमूटभर पूड पाण्यात टाकून ढवळली. फेस आला. नर्सबाई वाकून म्हणाल्या, "साहेब, ही तर शिकेकाई हाये."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "किती दिवस घेतली?"

"आठ."

"काही तकलीफ?"

"नाही. उलट शांत वाटायचं."

नंदा पुढं झाली. "मी आठ दिवस शिकेकाई हुडकून राहिले. मग फळीवरचं दुसरं लावलं डोक्याला. फेसच येत नव्हता."

"अन् उंदराचं औषध?"

"ते आईनंच फेकलं होतं. कधीच."

एवढ्यात रडत रडत आक्का पोचली; तिच्यापर्यंत मी गेल्याचीच बातमी गेली होती. सगळं ऐकून तिनं पदरानं डोळे पुसले. "म्हंजी लेकराच्या डोक्याला अश्वगंधा, अन् बापाच्या पोटात शिकेकाई. अरे, लोकं वरून न्हातेत, तू आतून न्हालास."

जीपमध्ये सगळे हसत होते. नंदा हसली नाही. पुसेगाव येईपर्यंत तिनं माझी बाही सोडली नाही.

आता ती नांदेडला नांदते. दोन लेकरं आहेत तिला. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, "बाबा, औषध घेतलं का?" मी नुसतं 'घेतलं' म्हटलेलं तिला चालत नाही. उभा जन्म पोरांना 'पूर्ण वाक्यात उत्तर द्या' म्हणून छळणारा मी, दोन्ही हातांनी फोन धरून सांगतो, "मी अश्वगंधेचं चूर्ण, हुंगून, खात्री करून, कोमट दुधातून घेतलं आहे." मग ती फोन ठेवते.